वलंदेजांचे क्रिकेट

८ नोव्हेंबर २०२३ या दिवशी पुण्याजवळ गहुंज्याच्या मैदानावर नेदरलँड्सचा क्रिकेट संघ विश्वचषकाच्या सामन्यात इंग्लंडकडून १६० धावांनी हरला. दुसऱ्या दिवशी तास संपल्यावर एका विद्यार्थ्याने मला गाठले. म्हणाला, "सर, त्यांच्या देशात क्रिकेट कोणी पाहतसुद्धा नाही म्हणे. मग अशा संघाला बोलावतात तरी कशाला?" तेव्हा काहीतरी थातुरमातुर सांगून मी त्याची बोळवण केली. पण प्रश्न डोक्यात घोळत राहिला. आज त्याचेच उत्तर द्यावे म्हणतो.

नेदरलँड्स, म्हणजे आपण ज्याला सवयीने हॉलंड म्हणतो तो देश. तिथले लोक आपल्याला नवखे नाहीत. आपल्या जुन्या कागदपत्रांतले वलंदेज ते हेच. वेंगुर्ल्याला १६३७ साली त्यांनी वखार घातली. तिचे पडके अवशेष कोकणात गेलेल्या पुष्कळांनी पाहिले असतील. क्रिकेट मात्र त्यांनी इथून नेले नाही. ते त्यांच्याकडे गेले समुद्रापलीकडच्या शेजाऱ्याकडून, इंग्रजांकडून. आणि गेले तेही फार पूर्वी. तिथली क्रिकेटची राष्ट्रीय संघटना १८८३ सालची आहे. फुटबॉलची संघटना तिच्यानंतर सहा वर्षांनी जन्मली. एवढेच काय, रॉटरडॅमचा स्पार्टा हा नावाजलेला फुटबॉल क्लब १८८८ साली निघाला तो क्रिकेट खेळण्याकरता! पुढे धाकट्या भावाने सारे घर बळकावले आणि थोरला माजघरात एका कोपऱ्यात जाऊन बसला. पण घर सोडून गेला नाही, हे ध्यानात घ्या.

त्या कोपऱ्यातूनही अधूनमधून मोठी माणसे निघाली. कार्स्ट पोस्टुमा नावाचा त्यांचा डावखुरा गोलंदाज १९०३ साली खुद्द डब्ल्यू. जी. ग्रेस यांच्या लंडन काउंटी संघातून खेळला. पुढे कित्येक वर्षे डच क्रिकेट चालले ते बहुतेक काथ्याच्या चटईवर. तालुक्याच्या गावी मॅटवर खेळलेल्या आपल्या मंडळींना ते वेगळे समजावून सांगायला नको. १९६४ साली ऑस्ट्रेलियाचा संघ इंग्लंडचा दौरा आटोपून हेगला एक सामना खेळायला गेला आणि ३ गडी राखून डचांनी त्यांना हरवले. ऑस्ट्रेलियाच्या लेखी तो सहलीतला सामना असेल. तरी हरणे ते हरणेच.

आता 'बोलावतात' या शब्दाकडे वळू. या संघाला कोणी बोलावीत नाही. त्याला परीक्षा देऊन यावे लागते. भारत, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया यांचे तसे नाही. आपण एखादी मालिका हरलो तर चार दिवस वर्तमानपत्रांतून आरडाओरडा होतो आणि पुढची मालिका ठरल्याप्रमाणे सुरू होते. डचांची गत बाहेरून परीक्षेला बसणाऱ्या विद्यार्थ्यासारखी आहे. एका पेपरात घसरला की चार वर्षे घरी.

जानेवारी २०१४ मध्ये न्यूझीलंडला झालेल्या पात्रता स्पर्धेत हे असेच घसरले. एकदिवसीय आंतरराष्ट्रीय सामने खेळण्याचा दर्जाच हातचा गेला. दर्जा गेला म्हणजे नुसती पाटी गेली असे नव्हे. मोठे संघ वाट वाकडी करून येत नाहीत, पैसा आटतो, आणि बॅट हातात धरू पाहणारे पोर शेजारच्या हॉकीच्या मैदानावर निघून जाते.

आणि गंमत पाहा. त्यानंतर दोनच महिन्यांनी बांगलादेशात वीस-वीस षटकांचा विश्वचषक भरला. २१ मार्चला सिल्हेटला आयर्लंडने १८९ धावा केल्या. डचांना नुसते जिंकून भागणार नव्हते. पुढे जावयाचे तर १४.२ षटकांच्या आत धावा पुऱ्या करणे भाग होते. त्यांनी त्या १३.५ षटकांत केल्या! मायबर्गने २३ चेंडूंत ६३ धावा काढल्या. तीन दिवसांनी हाच संघ श्रीलंकेपुढे ३९ धावांत गारद झाला. आणखी आठवड्याभराने, ३१ मार्चला, त्यांनी इंग्लंडला ८८ धावांत गुंडाळून ४५ धावांनी हरवले. परीक्षकांनी नापास केलेला विद्यार्थी असा उत्तरपत्रिका लिहीत होता! दर्जा परत मिळायला मात्र २०१८ साल उजाडले. दरम्यान विश्वचषकातल्या संघांची संख्या १४ वरून १० वर आणण्याचे ठरले होते. २०१९ चा विश्वचषक त्याप्रमाणेच झाला. जगभर खेळ पसरवावयाचा म्हणावयाचे आणि पंगतीतली पाने कमी करावयाची, हा न्याय मला तरी कळलेला नाही.

२०२३ च्या विश्वचषकासाठी झिंबाब्वेमध्ये १० संघांची पात्रता स्पर्धा झाली. जागा दोन. एक श्रीलंकेने घेतली. दुसरीसाठी ६ जुलैला बुलावायोला डचांची गाठ स्कॉटलंडशी पडली. डचांचे काही खेळाडू इंग्लंडच्या काउंटी संघांशी करार असल्यामुळे आलेच नव्हते. २७८ धावा ४४ षटकांत हव्या होत्या. बास डी लीडे या तेवीस वर्षांच्या तरुणाने आधी ५ बळी घेतले होते. मग १२३ धावा केल्या, आणि ४२.५ षटकांत काम झाले. हा मुलगा टिम डी लीडेंचा. २००३ च्या विश्वचषकात पार्लला सचिन तेंडुलकर आणि राहुल द्रविड दोघांनाही बाद करणारे टिम डी लीडे ते हेच. १९७५ आणि १९७९ चे जगज्जेते वेस्ट इंडिज त्या वर्षी घरी राहिले आणि डच हिंदुस्थानात आले.

एक आक्षेप नेहमी घेतला जातो, की हा संघ डचांचा आहेच कुठे? कप्तान स्कॉट एडवर्ड्स जन्मला टोंगा बेटांवर आणि वाढला ऑस्ट्रेलियात. तेजा निदमनुरूचा जन्म विजयवाड्याचा, विक्रमजित सिंगचा पंजाबातला. रूलॉफ व्हान डर मर्व्ह तर पूर्वी दक्षिण आफ्रिकेकडून खेळलेला. आक्षेपात तथ्य आहे, पण अर्धेच. कुणाची आजी डच, कुणाचे आईवडील पोटासाठी तिकडे गेलेले. देश असेच बनतात. आणि पॉल व्हान मीकरनचे काय कराल? हा वेगवान गोलंदाज अस्सल ॲम्स्टरडॅमचा. २०२० साली साथीमुळे विश्वचषक पुढे ढकलला गेला, तेव्हा नोव्हेंबरात त्याने स्वतःच जाहीरपणे सांगितले, की हिवाळा निभावण्यासाठी मी घरोघर जेवण पोचवतो आहे. तीन वर्षांनी, २८ ऑक्टोबर २०२३ ला, कलकत्त्याच्या ईडन गार्डन्सवर त्याने २३ धावांत बांगलादेशचे ४ गडी बाद केले. त्याआधी धर्मशाळेला त्यांनी दक्षिण आफ्रिकेलाही ३८ धावांनी हरवले होतेच. तिथे ७ बाद १४० वरून २४५ पर्यंत डाव ओढून नेला तो एडवर्ड्सने. ७८ धावा करून तो अखेरपर्यंत नाबाद राहिला.

शेवटचा सामना बंगळूरला, आपल्याशी, १२ नोव्हेंबरला. लक्ष्मीपूजनाचा दिवस. आपण आधीच उपांत्य फेरीत पोचलो होतो. डचांचे मात्र सारे त्यावर अडले होते. पहिल्या आठांत आले तरच २०२५ च्या चॅम्पियन्स ट्रॉफीत जागा, आणि त्यासाठी भारताला हरवणे हा एकच मार्ग उरला होता. आपल्या ४ बाद ४१० धावा झाल्या. पुढे प्रेक्षकांच्या आग्रहावरून विराट कोहलीने चेंडू हातात घेतला आणि त्याने एडवर्ड्सलाच टिपले. अखेरचा गडी रोहित शर्माने घेतला. तो निदमनुरू, ५४ धावांवर. डच हरले तेही पुण्याइतक्याच, १६० धावांनी. स्पर्धेत ते दहावे, म्हणजे शेवटचे आले. आमच्या घरी फराळाची ताटे मांडली होती. कोहलीला बळी मिळाला तेव्हा मुले नाचली, मीही हसून टाळ्या वाजवल्या. एडवर्ड्स परतत होता तो काय घालवून परतत होता, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.