आर्मेनियन लोकगीत आणि ल्यूट



ल्यूट हे सोळाव्या शतकातील युरोपचे मानाचे वाद्य. अरबांचा ऊद स्पेनमार्गे तिकडे गेला, त्याचेच हे रूप. तातीच्या तारांच्या सहा जोड्या, त्यांतली सर्वांत वरची बहुधा एकेरी. दांडीवर तातीचेच पडदे. आणि छेडताच विरू लागणारा कोमल नाद. पुढे हे वाद्य मागे पडले. विसाव्या शतकात त्याला पुन्हा जाग आली, नव्या रचना होऊ लागल्या, आणि कोणी रचनाकार त्यासाठी आर्मेनियाच्या लोकगीतांकडे वळला. ही सोयरीक जमते कशी, एवढाच आजचा प्रश्न.

ही गीते आपल्यापर्यंत पोचली, ती मुख्यतः कोमितास या धर्मगुरूंमुळे. त्यांचा जन्म १८६९ साली तुर्कस्तानातील क्युताह्या येथे झाला. लहानपणीच पोरके झालेले कोमितास एचमियाड्झिनच्या मठात वाढले, बर्लिनला संगीत शिकले, आणि खेडोपाडी हिंडून त्यांनी नांगरटीची, लग्नाची, घरापासून दुरावलेल्यांची गाणी लिहून घेतली. २४ एप्रिल १९१५ रोजी कॉन्स्टँटिनोपलमध्ये आर्मेनियन विद्वानांची धरपकड झाली, तीत तेही सापडले. ते परतले, पण त्यांचे मन कायमचे खचले. १९३५ साली पॅरिसमध्ये त्यांचा अंत झाला. त्यांच्या संग्रहाचा मोठा भाग नाहीसा झाला, आणि ही गाणी गाणारी कित्येक गावे निर्मनुष्य झाली. म्हणूनच उरलेल्या गीताला हात लावणाऱ्यावर जबाबदारी येते.

आता स्वरांकडे वळू. आपल्या सप्तकात सा ते म हे पूर्वांग, आणि उत्तरांग पुढच्या प पासून. कोमितास यांनी दाखवले की आर्मेनियन गीतात चार स्वरांची साखळी असते, आणि एका कडीचा शेवटचा स्वर हाच दुसरीचा पहिला. म वर पोचलात की त्यालाच सा माना आणि पुन्हा चढा. म्हणजे निषाद कोमल येतो. त्या निषादालाच पुन्हा सा माना. आता वरचा गंधार कोमल, खालचा मात्र शुद्धच! सप्तक बदलले की स्वर जसाच्या तसा परत येत नाही.

ल्यूटच्या शेजारच्या तारा, मधली एक जागा सोडली तर, सा-म अंतरानेच लावतात. एका तारेवर सा, रे, ग वाजवले की म ही पुढची मोकळी तार! कडीचा सांधा आपोआप बोटाखाली येतो. सोयरीक जमते ती इथे.

पण अडचण आहे. जर्दाळूच्या लाकडाच्या दुदुक या सुषिर वाद्यामागे दुसरा दुदुक अखंड आधारस्वर धरतो. ल्यूटला ते साधत नाही. मग ती पोकळी युरोपीय स्वरसंघांनी भरण्याचा मोह होतो, आणि गीत गुदमरते. कोमितास यांनी पियानोसाठी नृत्ये लिहिली, तेव्हा लोकवाद्यांचा ध्वनी डोळ्यांपुढे ठेवून हात आखडताच ठेवला. ल्यूटकारानेही तेच करावे: खालची तार अधूनमधून छेडावी, आणि बाकीची जागा रिकामी ठेवावी. गाणारे गाव उरले नसेल, तर निदान त्याच्या गाण्यात आपण गलबला करू नये.