भाग: गारव्यातला सरडा

(आमच्या पॉडकास्टच्या या भागाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज ठेवला आहे, फक्त 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' थोडे कमी केलेत!)



मागच्या भागात मी ओझरतं म्हणाले होते, की कॅलिफोर्नियात माझ्या घरी तीन शिंगांचे सरडे आहेत. त्यावर इतके मेसेज आले, की आजचा अख्खा भाग त्यांनाच दिलाय. सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न होता, "ताई, पुण्यात कुठे मिळेल?" त्याचं उत्तर देणार आहे, पण शेवटी. आधी बंड्याची गोष्ट ऐका.

बंड्या माझा पहिला जॅक्सन्स कॅमेलिऑन. नाकावर एक आणि डोळ्यांपुढे दोन अशी तीन शिंगं, हिरवागार अंग, दोन डोळे दोन दिशांना फिरणारे. मूळचा हा प्राणी केनियाच्या डोंगरांतला. माझ्याकडे होती ती जात माउंट केनियाच्या उतारांवरची. आपलं कळसूबाई १६४६ मीटर उंच. या सरड्यांचं राज्य साधारण तेवढ्या उंचीला सुरू होतं आणि आणखी वर जातं. आफ्रिका म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे रणरणतं ऊन येतं ना? तिथे मात्र धुकं असतं, पाऊस असतो आणि रात्री चक्क स्वेटर लागतो.

हे मला तेव्हा माहीत नव्हतं. ज्या दुकानातून मी त्याला आणलं, तिथे सांगितलं, "सरपटणारा प्राणी आहे, ऊब द्या, रात्रीसुद्धा लाल बल्ब लावा." मी लावला. वर काचेची पेटी घेतली, म्हणजे ऊब बाहेर जायला नको. रोजच्या रातकिड्यांना कॅल्शियम, डी-३, मल्टिव्हिटॅमिन, सगळ्या पुड्या चोळल्या. बाळाला बाळगुटी देतात तसं!

दुसऱ्या महिन्यात त्याचा गळा सुजला. मला वाटलं, खाऊनपिऊन गुटगुटीत झालाय. डॉक्टरांनी हातात घेतलं आणि विचारलं, "रात्री किती तापमान असतं?" मी अभिमानाने सांगितलं, "सत्तावीस. कधीच खाली जाऊ देत नाही." त्या काही क्षण गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, पहाडी जातींना जीवनसत्त्वांचा असा मारा सोसत नाही, आणि रात्रीचा गारवा मिळाला नाही तर त्यांच्या शरीराला विसावाच मिळत नाही.

बंड्या दहा दिवसांनी गेला.

त्या रात्री साताऱ्याला आईला फोन केला. ती तशी सरड्यांच्या विरोधात. पण सगळं ऐकून म्हणाली, "अगं, ज्याला थंडीची सवय त्याच्या अंगावर गोधडी टाकून कसं चालेल?" बस्स. मी महिनाभर जे वाचायला हवं होतं, ते तिने एका वाक्यात सांगितलं.

पुढे वर्षभर मी काही आणलं नाही, नुसतं शिकले. मग घरी पैदास करणाऱ्या एका माणसाकडून जोडी आणली: तात्या आणि चिमी. या वेळी काय बदललं, ते सांगते.

पिंजरा चारही बाजूंनी जाळीचा, साधारण दोन फूट रुंद, दोन फूट खोल, चार फूट उंच. प्रत्येकाला वेगळा, कारण हे एकटे राहणारे प्राणी आहेत. सोबतीला दुसरा दिला तर त्यांना मजा येत नाही, ताण येतो. आत खऱ्या फांद्या, मनी प्लांट, फायकस. वर यूव्हीबी ट्यूब आणि एका कोपऱ्यात सकाळी काही तास उन्हासारखा दिवा, जिथे अठ्ठावीसच्या आसपास तापमान. बाकी पिंजरा बावीस-चोवीस. रात्री सगळे दिवे बंद, खिडकी उघडी, पारा बारा-पंधरापर्यंत खाली. वाटीतलं पाणी ते सहसा ओळखत नाहीत, पानावरचे थेंब चाटतात, म्हणून फवारा. साधी कॅल्शियमची पूड किंचित, डी-३ आणि मल्टिव्हिटॅमिन महिन्यातून एक-दोनदाच. आणि हात लावणं जवळजवळ बंद. याला कुरवाळायचं नसतं, बघायचं असतं.

'सरड्यासारखे रंग बदलतो' असं आपण पुढाऱ्यांना म्हणतो. सरड्यावर अन्याय आहे हो! तो भिंतीसारखा दिसायला रंग बदलत नाही. सकाळी गारठलेला असला की गडद होतो, म्हणजे ऊन लवकर शोषलं जातं. भ्यायला, चिडला तरी गडद. झोपला की फिकट. रंग ही त्याची बोली आहे.

एप्रिल २०२२ मध्ये चिमीला तात्याच्या पिंजऱ्यात सोडलं. मादीला नको असेल तर ती काळवंडते, तोंड उघडून फुसकारते, झुलते. तसं झालं तर लगेच बाहेर काढायचं. चिमी हिरवीच राहिली. अर्ध्या तासाने दोघांना परत वेगळं केलं.

आता गंमत बघा. बहुतेक कॅमेलिऑन जमिनीत अंडी घालतात. आपल्याकडचा घोयरा सरडाही घालतो. पण केनियाच्या त्या उंचीवर माती थंड, अंडी उबणार कशी? म्हणून जॅक्सन्सची आई अंडी पोटातच वाढवते आणि थेट पिल्लं देते. सकाळी उन्हात बसून ती स्वतःच उबवणी यंत्र होते. साधारण सहा महिने, कधी जास्त.

आणि नेमक्या पाचव्या महिन्यात, सप्टेंबर २०२२ मध्ये, कॅलिफोर्नियात उष्णतेची लाट आली. आमच्याकडे सॅन होजेच्या आसपास पारा बेचाळीसच्या पुढे. घर जुनं, एसी नाही. संध्याकाळी चिमी फिकट पडली, तोंड उघडून श्वास घेत होती. पिंजरा उचलून न्हाणीघरात नेला, तिथली फरशी गार. भोवती बर्फाच्या बाटल्या, समोर पंखा, जाळीवर ओला पंचा. रात्रभर दर तासाला फवारा. मी कमोडवर बसून ऑफिसची मीटिंग केलीय, खोटं नाही सांगत! असं तीन दिवस. पोटातल्या पिल्लांचं काय झालं असेल, हे कळायला मार्ग नव्हता.

ऑक्टोबरच्या शेवटी तिने खाणं सोडलं, फांदीवर येरझारा सुरू झाल्या. एका सकाळी सात वाजता पानांत 'टप' असा आवाज आला. पातळ, चिकट, पारदर्शक पिशवी पानाला चिकटलेली. आत काहीतरी वळवळलं, पिशवी फाटली आणि पाच-सहा सेंटिमीटरचा एक सरडा शेपूट गुंडाळत फांदी चढायला लागला. कुणी शिकवलं नाही, काही नाही. मग परत टप. टप.

सतरा पिल्लं. चौदा जिवंत, तीन पिशव्या हलल्याच नाहीत. त्या तीन उन्हाने गेल्या का, मला कधीच कळणार नाही. पण चिमी त्या दुपारी पानावरचं पाणी प्यायली, आणि मी फरशीवर बसून ढसाढसा रडले.

पिल्लांना आईपासून लगेच वेगळं करावं लागतं, ती त्यांना सांभाळत नाही. चार-पाच जणांचे गट, न उडणाऱ्या फळमाश्या, बारीक रातकिडे, दिवसातून दोन-तीनदा हलका फवारा. मोठी होऊ लागली की भांडतात, मग प्रत्येकाचं घर वेगळं. अकरा जगली. ती देताना मी प्रत्येकाला पहिला प्रश्न हाच विचारला, "तुमच्याकडे रात्री तापमान किती असतं?"

आता तुमचा पुण्याचा प्रश्न. आपला घोयरा सरडा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहे. त्याला पकडणं, पाळणं, विकणं गुन्हा आहे. परदेशी कॅमेलिऑनचा व्यापारही आंतरराष्ट्रीय साइट्स कराराखाली येतो, कागदपत्रांशिवाय कुणी विकत असेल तर ती तस्करी समजा. आणि कायदा बाजूला ठेवला, तरी एप्रिलमधल्या पुण्यात दर रात्री पंधरा अंश कुठून आणणार? आज वीज गेली तर?

आणि पाळून कंटाळा आला म्हणून कुठेही सोडायचं नाही. १९७२ मध्येच हवाईत एका दुकानदाराने केनियाहून आणलेले थकलेले जॅक्सन्स सावरावेत म्हणून अंगणात सोडले. हेतू चांगलाच होता. आज ते तिथल्या रानात पसरलेत आणि तिथल्या दुर्मीळ गोगलगायी खातात.

त्यापेक्षा पावसाळ्यात गावी जा. कुंपणावर, बाभळीवर घोयरा दिसेल. लोक त्याला विषारी समजून दगड मारतात. तो अजिबात विषारी नाही. तुम्ही तिथे उभे राहा आणि तो दगड थांबवा. माझ्या आईने गेल्या वर्षी थांबवला. फोनवर म्हणाली, "तुझ्या चिमीचा भाऊ होता गं."

चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, आणि ज्याची काळजी घेताय त्याला नक्की काय हवंय, ते आधी विचारा!