तांबड्या विंचवाचं विष आणि मेंदूचा कर्करोग

1798 साली डॅनिश शास्त्रज्ञ फॅब्रिशियस यांनी आपल्याकडच्या तांबड्या विंचवाला ‘टॅम्युलस’ हे शास्त्रीय नाव दिलं. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावसकरांनी ज्याच्या दंशावर प्राझोसिनचा उपचार रूढ केला, तोच हा विंचू.

त्याच्या विषात आयबेरिओटॉक्सिन नावाचं 37 अमिनो आम्लांचं छोटं प्रथिन असतं. पेशीच्या आवरणातली एका जातीची पोटॅशियमची दारं ते बंद करतं. ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या जहाल कर्करोगात हीच दारं भरमसाट आढळतात. दार उघडलं की पोटॅशियम बाहेर पडतं, मागोमाग पाणी; पेशी आक्रसते आणि चिंचोळ्या फटीतून पुढे सरकते. म्हणूनच शस्त्रक्रियेनं गाठ काढली तरी आजूबाजूला पांगलेल्या पेशी उरतात.

मग दारं बंद करून टाकावीत? इथंच घोडं पेंड खातं. पोटॅशियमची दारं हृदयातही असतात. अ‍ॅलर्जीवरचं अ‍ॅस्टेमिझोल अशाच एका दारात अडकून हृदयाची लय बिघडवी. ते बाजारातून काढून घ्यावं लागलं. नेमकं गाठीतलंच दार गाठणारं औषध हवं, आणि ते अजून रुग्णाच्या हाती आलेलं नाही.

तेव्हा कर्करोगावर विंचवाच्या विषाची औषधं विकणाऱ्यांच्या नादी लागू नका. मोठ्या वयात पहिल्यांदाच फिट आली, तर ती मेंदूतल्या गाठीची खूण असू शकते; थेट मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा.