माजी विद्यार्थ्यांनो, फेरीत या



२६ जानेवारीला आपली प्रभातफेरी दापोडीतून निघेल. यंदा तीत माजी विद्यार्थ्यांनीही चालावे, एवढीच विनंती करायला मी उभा आहे.

निमंत्रण द्यायला हिंडत होतो, तेव्हा एस. टी. वर्कशॉपजवळच्या एका गॅरेजमध्ये जुना विद्यार्थी भेटला. म्हणाला, "सर, मी आठवीत शाळा सोडली. मी कसला माजी विद्यार्थी?" मी गप्प झालो. त्या वर्षी त्याच्या घरी जाऊन चौकशी करायची राहिली, ती माझ्याचकडून.

मित्रांनो, हजेरीपटावर ज्याचे नाव एकदा लागले तो आपलाच. फेरीत कोणी दहावीचे गुण विचारणार नाही. रात्रपाळी करून येणाऱ्यांनी कामाच्या कपड्यांतच यावे. चहा शाळेत मिळेल.

आणि आपल्या लेकी? शिवाजीनगर इथून लोकलने दुसरे स्टेशन. तिथून जवळच भिडेवाड्यात १८४८ साली मुलींची शाळा निघाली. सावित्रीबाईंनी शाळेच्या वाटेवर शेणगोळे झेलले. फातिमा शेख त्यांच्या सहकारी. १८५६ च्या पत्रात सावित्रीबाईंना आजारपणातही काळजी आहे ती फातिमेला पडणाऱ्या त्रासाची. आणि आमच्या माजी विद्यार्थिनींनी फेरी खिडकीतून पाहायची? नाही. त्या पुढे चालतील, कडेवर मूल असले तरी.

सकाळी सातला फाटकाशी जमावे. गॅरेजवाल्याने अजून होकार दिलेला नाही. त्याची मुलगी आपल्याकडे पाचवीत आहे. झेंडा मी तिच्या हाती देणार आहे.