सॉफ्टवेअर क्षेत्रातील उमेदवारी : पदवीनंतरची वाट



संगणकशास्त्राची किंवा अभियांत्रिकीची पदवी मुलाच्या वा मुलीच्या हाती पडली म्हणजे घरात आनंदीआनंद होतो. मात्र चार-सहा महिने उलटले की त्याच घरात चिंता दिसू लागते. अर्ज पाठविले जातात, उत्तर येत नाही. शिक्षणासाठी काढलेल्या कर्जाचे हप्ते पुढे उभे असतात. शहरातील मुलाला सल्ला देण्यासाठी त्या क्षेत्रातील कोणी नातेवाईक वा शेजारी तरी भेटतो. खेड्यातील पालक मात्र शाळेच्या गुरुजींकडे, ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे किंवा पंचायतीच्या सदस्यांकडे येतात. म्हणून या क्षेत्रात नोकरी कशी शोधावी, याची निश्चित कल्पना या मंडळींनाही असणे अगत्याचे आहे.

बदललेली परिस्थिती

महाराष्ट्राचा संगणक व्यवसायाशी असलेला संबंध जुना आहे. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस १९६८ मध्ये मुंबईत सुरू झाली. इन्फोसिसची स्थापना १९८१ मध्ये पुण्यात झाली. प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक, १९८८ मध्ये पुण्यातच उभे राहिले. पुढील काळात मोठ्या कंपन्या महाविद्यालयांत येऊन एकाच वेळी शेकडो पदवीधर निवडू लागल्या. कोणत्याही शाखेचा पदवीधर घ्यावा, काही महिने शिकवावे आणि कामाला लावावे, अशी ती पद्धत होती. त्यातून ‘पदवी मिळवा, बाकीचे कंपनी शिकवील’ ही समजूत समाजात रुजली.

ती समजूत आज पुरेशी नाही. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेससारख्या कंपनीचे मनुष्यबळ २०२३-२४ या आर्थिक वर्षात तेरा हजारांहून अधिक संख्येने घटले. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅट-जीपीटी लोकांसमोर आल्यानंतर ठरावीक साच्याचे प्रोग्राम यंत्राकडून लिहून घेण्याची प्रथाही वेगाने पसरली. नवशिक्याकडे पूर्वी जी सोपी कामे सोपविली जात, त्यांतील बरीचशी याच प्रकारची होती. याचा अर्थ या क्षेत्रातील कामे संपली असा नव्हे. यंत्राने लिहिलेले बरोबर आहे की नाही हे तपासणे, चूक शोधून दुरुस्त करणे आणि ज्याच्यासाठी काम करावयाचे त्याची अडचण समजून घेणे, यासाठी माणूस लागतोच. असे काम आपल्याला येते हे उमेदवाराने आता प्रमाणपत्राऐवजी प्रत्यक्ष कामातून सिद्ध करावयाचे आहे.

केलेले काम हीच शिफारस

सुतार वा गवंडी ठेवताना कोणीही त्याचे प्रमाणपत्र पाहत नाही; आधी केलेले काम पाहतो. सॉफ्टवेअरच्या क्षेत्रातही हीच रीत आली आहे. आपण लिहिलेले प्रोग्राम गिटहबसारख्या ठिकाणी ठेवता येतात आणि ते नोकरी देणाऱ्याला कोठूनही पाहता येतात. परंतु तेथे पुस्तकातील किंवा एखाद्या क्लासमधील तीच ती उदाहरणे उतरवून ठेवण्यात अर्थ नाही. एकाच क्लासच्या चाळीस विद्यार्थ्यांनी एकच नमुना सादर केला, तर परीक्षकाला त्यातून कोणाचीच पारख करता येत नाही.

खरे काम शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. गावातील दूध संकलन केंद्राचेच उदाहरण घ्यावे. सकाळ-संध्याकाळ दूध येते. प्रत्येक सभासदाचे लिटर आणि फॅट नोंदले जाते. दरपत्रकाप्रमाणे रक्कम निघते आणि दहा दिवसांनी बिल होते. हा हिशेब ठेवणारा छोटा प्रोग्राम एखाद्या विद्यार्थ्याने तयार केला, तर त्याच्यापुढे कोणते प्रश्न येतील? एकाच नावाचे दोन सभासद असतात. बिलाच्या मध्येच दर बदलतो. नोंद अर्धी असतानाच वीज जाते. वहीतील बेरीज आणि संगणकातील बेरीज जुळत नाही. हे प्रश्न त्याने कसे सोडविले, कोठे चुकला आणि ती चूक कशी सापडली, हे मुलाखतीत सांगण्यासारखे असते. अनुभवी परीक्षक नेमके तेच विचारतो. यंत्राची मदत घेतली असल्यास तीही मोकळेपणाने सांगावी; मात्र प्रत्येक ओळ कशासाठी आहे हे समजावून देता आले पाहिजे.

अशी दोन-तीन कामे पूर्ण केलेली असली तरी पुरेशी होतात. एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे. सभासदांची खरी नावे, दूरध्वनी क्रमांक वा बँक खाती उघड्यावर ठेवू नयेत. दाखविण्यासाठी काल्पनिक नोंदी वापराव्यात.

शोधाला शिस्त हवी

नोकरीचा शोध हेही एक काम आहे आणि त्याला वेळापत्रक व नोंदवही लागते. एकच अर्ज शंभर ठिकाणी पाठविण्यापेक्षा जाहिरात नीट वाचून दहा ठिकाणी वेगवेगळा अर्ज करणे अधिक फलदायी ठरते. अर्जासोबतचा परिचय एका पानाचा असावा. केलेली कामे आधी, शिकलेले विषय नंतर. जी भाषा वा तंत्र येत नाही त्याचे नाव केवळ भर म्हणून लिहू नये; पहिला प्रश्न त्यावरच येण्याचा संभव असतो.

प्रत्येक अर्जाची तारीख, पद, कंपनी आणि निकाल वहीत लिहावा. महिन्याअखेरीस ती वही वाचली की दोष कोठे आहे ते कळते. वीस अर्ज करूनही बोलावणे आले नाही, तर अर्ज किंवा पदाची निवड चुकते आहे. बोलावणे येते पण लेखी परीक्षेत अडते, तर गणिती तर्क आणि प्रोग्राम लिहिण्याचा सराव कमी पडतो. लेखी परीक्षा पार पडते आणि मुलाखतीत नकार येतो, तर विचार मांडण्याची तयारी हवी. ग्रामीण विद्यार्थ्याला येथे इंग्रजीची धास्ती वाटते. आपले काम रोज दहा मिनिटे मोठ्याने, साध्या इंग्रजीत समजावून सांगण्याचा परिपाठ ठेवला, तर ती धास्ती बरीच कमी होते. ‘आपल्याला जमणार नाही’ असा सरसकट निष्कर्ष काढण्यापेक्षा कोणत्या पायरीवर अडते हे ओळखणे केव्हाही उपयुक्त ठरते.

शोधाचे क्षेत्रही विस्तृत ठेवावे. सॉफ्टवेअर म्हणजे हिंजवडीच्या उंच इमारती एवढेच नव्हे. सहकारी बँका, साखर कारखाने, रुग्णालये, सुट्या भागांचे कारखाने यांनाही संगणकाचे काम करणारी माणसे लागतात. प्रोग्राम तपासणे, माहितीसाठ्याची व्यवस्था पाहणे, ग्राहकांच्या अडचणी सोडविणे ही या क्षेत्रात शिरण्याची दारेच आहेत. आपल्या महाविद्यालयातून आधी बाहेर पडलेल्यांशी संपर्क ठेवावा. हा वशिला नव्हे. ‘माझे हे काम पाहून त्यातील उणिवा सांगा’ अशी विनंती करणाऱ्याला बहुधा मदत मिळते. नुसती नोकरी मागणाऱ्याला ती क्वचितच मिळते.

उमेदवारीचे अधिकृत मार्ग

पहिल्या अनुभवासाठी शासकीय व्यवस्थाही उपलब्ध आहेत. शिकाऊ उमेदवार अधिनियम १९६१ चा असून, पदवीधर आणि पदविकाधारकांनाही त्याखाली विद्यावेतनासह प्रशिक्षण घेता येते. पश्चिम विभागासाठीचे शिकाऊ प्रशिक्षण मंडळ मुंबईत आहे. राज्य शासनाने २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना सुरू केली. तीत प्रारंभी बारावी उत्तीर्णांना ६ हजार, आयटीआय व पदविकाधारकांना ८ हजार आणि पदवीधरांना १० हजार रुपये मासिक विद्यावेतन ठरविण्यात आले होते. केंद्राची राष्ट्रीय करिअर सेवा आणि राज्याचे महास्वयंम् संकेतस्थळ येथे नोंदणीसाठी शुल्क लागत नाही.

शिक्षणात राहिलेली उणीव भरून काढण्यासाठी आयआयटी संस्थांच्या प्राध्यापकांची व्याख्याने एनपीटीईएल आणि स्वयम् या मंचांवर विनामूल्य ऐकता येतात. सी-डॅकचा प्रगत संगणनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम प्रवेश परीक्षेद्वारे मिळतो. खासगी क्लासमध्ये मोठी रक्कम भरण्यापूर्वी हे पर्याय पालकांसमोर यावयास हवेत.

फसवणुकीपासून सावध

गरजू माणसाभोवती लुबाडणारे जमतातच. नोंदणी शुल्क, प्रशिक्षण शुल्क किंवा लॅपटॉपची अनामत म्हणून उमेदवाराकडे पैसे मागितले जातात. मागील दाराने प्रवेश देण्याचे आमिष दाखविले जाते. खरा मालक कामाचा मोबदला देतो. नोकरी देण्यासाठी पैसे घेत नाही, हे सूत्र प्रत्येक पालकाला सांगितले पाहिजे. मूळ प्रमाणपत्रे कोणाच्या ताब्यात देऊ नयेत. ठरावीक वर्षे काम करण्याचा करार असेल, तर तो वाचून आणि जाणकाराला दाखवूनच सही करावी.

परदेशाच्या नोकरीबाबत तर अधिकच जपावे. सप्टेंबर २०२२ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने याविषयी जाहीर इशारा दिला होता. थायलंडमध्ये भरघोस पगाराची नोकरी असल्याचे सांगून संगणक जाणणाऱ्या तरुणांना बेकायदेशीररीत्या म्यानमारमध्ये नेले जाई आणि तेथे डांबून ठेवून राबविले जाई. अशा वेळी मध्यस्थाची अधिकृत नोंदणी पाहिल्याशिवाय पारपत्र वा पैसा हाती देऊ नये. ऑनलाइन फसवणुकीत पैसे गेल्यास १९३० या क्रमांकावर ताबडतोब तक्रार नोंदवावी. लाजेपायी गेलेला वेळ बहुधा पैशासह जातो.

गावाचा वाटा

या सर्वांत गावाला करता येण्याजोगे पुष्कळ आहे. शाळेचे ग्रंथालय, पाणीपट्टीची नोंद, दूध संस्था, बचत गट यांपैकी एखादे छोटे काम गावातील विद्यार्थ्याला सोपवावे. ते जबाबदार व्यक्तीच्या देखरेखीखाली व्हावे आणि मूळ वही बंद न करता काही काळ दोन्ही नोंदी समांतर ठेवाव्यात. काम चांगले झाले तर संस्थेने तसे पत्र द्यावे. शिक्षकांनी माजी विद्यार्थ्यांची यादी तयार करून वर्षातून एकदा तरी त्यांची नव्या पदवीधरांशी गाठ घालून द्यावी. मुलींना नोकरीसाठी शहरात पाठविताना पालक कचरतात; त्यांना शासकीय वसतिगृहांची माहिती वेळेवर मिळाली, तर हाती आलेली संधी वाया जात नाही.

सॉफ्टवेअरची नोकरी एका दिवसात मिळत नाही आणि ती मिळेपर्यंतचा काळ घरालाही जड जातो. त्या काळात मुलगा रिकामा बसला आहे असे न म्हणता तो उमेदवारी करतो आहे, असे गावाने मानावे आणि त्याच्या हाताला एक खरे काम द्यावे.