चेंडू आपल्याकडे येतच नाही तेव्हा

आज बोलूया एकटेपणावर. पण सुरुवात एका साध्या कॉम्प्युटर गेमपासून करतो.

गेमचं नाव सायबरबॉल. स्क्रीनवर तीन खेळाडू, त्यातले एक तुम्ही. एकमेकांकडे चेंडू फेकायचा, बस! ना स्कोअर, ना लेव्हल. सुरुवातीला चेंडू एक-दोनदा तुमच्याकडे येतो. मग ते दोघं आपापसातच फेकत बसतात आणि तुम्ही नुसतं बघायचं.

किपलिंग विल्यम्स या मानसशास्त्रज्ञाला हे सुचलं ते एका बागेत. त्याच्यापाशी एक फ्रिस्बी आली, त्याने ती परत फेकली. त्या दोन अनोळखी माणसांनी त्यालाही खेळात घेतलं आणि थोड्या वेळाने काही न बोलता त्याच्याकडे फेकणं बंद केलं. त्याला ते चक्क लागलं.

प्रयोगातही तेच झालं. काही मिनिटांत लोकांना वाटायला लागलं की आपण कुणाचेच नाही, आपल्याला किंमत नाही. 2004 मध्ये तर खेळणाऱ्यांना आधीच सांगून ठेवलं की समोर माणसं नाहीत, कॉम्प्युटर आहे. तरी वाईट वाटायचं ते वाटलंच! म्हणजे समोर नुसतं इफ-एल्स आहे हे माहीत असून मनाला लागतं. मग ब्लू टिक येऊन रिप्लाय आला नाही, किंवा सगळे जेवायला गेले आणि तुम्हाला विचारलंच नाही, तर लागणारच ना? हा काही तुमचा कमकुवतपणा नाही.

जॉन कॅसिओपो हा संशोधक म्हणायचा, एकटेपणा भुकेसारखा आहे. भूक सांगते जेव, एकटेपणा सांगतो माणसांत जा. पण हा सिग्नल खूप दिवस चालू राहिला की गडबड होते. मन सगळीकडे नकारच शोधायला लागतं. रिप्लाय उशिरा आला, की ‘मी नकोच आहे यांना’. मग आपणच लांब जातो आणि अजून एकटे पडतो. शरीरावरही परिणाम होतो. 2010 मध्ये 148 अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा घट्ट नाती असलेल्यांची जगण्याची शक्यता साधारण 50 टक्क्यांनी जास्त दिसली.

मग करायचं काय? 2011 च्या एका आढाव्यात दिसलं की नुसत्या गाठीभेटी वाढवण्यापेक्षा ही विचारांची सवय बदलणं जास्त कामी येतं. म्हणून पुढच्या वेळी स्वतःला विचारा, रिप्लाय न येण्याचं दुसरं काही कारण असेल का? आणि फारच जड जात असेल तर टेली मानसचा 14416 हा नंबर आहे, मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

अजून एक. बऱ्याचदा आपण ते दुसरे दोन खेळाडू असतो, आणि आपल्याला पत्ताही नसतो. ग्रुपवर कुणाचा तरी मेसेज तसाच पडलाय, त्याला उत्तर द्या. पीजीमध्ये नवीन आलेल्याला एवढंच विचारा, “जेवलास का?”

चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!