आभाळाचा सातबारा
(यवतमाळ इथल्या युवक शिबिरात दिलेलं व्याख्यान)



शिबिरात आतापर्यंत बेकारी, गायरान, शिष्यवृत्ती यांवर बोलणं झालं. आज मला तारे आणि दीर्घिकांवर बोलायला लावलंय. काहींच्या मनात येईल, पोटाला चिमटा बसलेल्या माणसानं आभाळाकडं कायले पाहावं? पाहावं. आपल्या मायबापानं आभाळ पाहिलं ते पावसासाठी. पंचांगवाल्यानं पाहिलं ते दक्षिणेसाठी. साडेसाती आहे, मूळ नक्षत्र आहे, मंगळ आहे, या भीतीवर पिढ्यान्‌पिढ्या पोटं भरली. ती भीती घालवायला नुसत्या शिव्या पुरत नाहीत. आकडे पाठ पाहिजेत.

सूर्य हा एक तारा. त्याचा व्यास सुमारे १४ लाख किलोमीटर. पृथ्वीसारखे १०९ गोळे एका ओळीत मांडले तर हे अंतर भरतं. आता हा सूर्य ज्वारीच्या दाण्याएवढा करा, साडेचार मिलिमीटरचा, आणि यवतमाळच्या बसस्टँडवर ठेवा. पृथ्वी मग त्याच्यापासून अर्ध्या मीटरवर पडलेला पिठाचा कण. सगळी राज्यं, सगळे धर्म, सगळे वाडे त्या कणावर. सूर्याला सगळ्यात जवळचा तारा, समीप मित्र, ४.२४ प्रकाशवर्षं दूर आहे. एक प्रकाशवर्ष म्हणजे सुमारे साडेनऊ लाख कोटी किलोमीटर. आपल्या मापात हा तारा कुठं येईल? आर्णीला नाही, वणीलाही नाही. थेट नागपुरात, दीक्षाभूमीवर. सरळ रेषेत १३० किलोमीटर. आणि तोही ज्वारीएवढा नाही, खसखशीएवढा.

आता दीर्घिका. आपली आकाशगंगा सुमारे १ लाख प्रकाशवर्षं रुंद. तिच्यात १०,००० कोटी ते ४०,००० कोटी तारे. शेजारची मोठी दीर्घिका देवयानी २५ लाख प्रकाशवर्षांवर. आकाशगंगेची पाव मीटर रुंदीची भाकर केली, तर देवयानी सहा मीटरवर, गल्लीपलीकडच्या घरात. म्हणजे बघा, ताऱ्याच्या आकाराच्या जवळजवळ तीन कोटी पट अंतरावर दुसरा तारा, पण दीर्घिकेच्या आकाराच्या फक्त पंचवीस पट अंतरावर दुसरी दीर्घिका. तारे विखुरलेले, दीर्घिका मानानं खेटून. म्हणूनच दीर्घिका एकमेकींवर आदळतात, एकमेकींत मिसळतात, आणि तरी त्यांच्यातले तारे सहसा एकमेकांवर आपटत नाहीत.

कुणी विचारील, "हे मोजलं कोनं बे?" रास्त प्रश्न आहे. आपल्याकडं पीक कापणी प्रयोग होतो. सगळं वावर कुणी कापत नाही. एक तुकडा आखतात, तेवढ्यातलं पीक तोलतात, त्यावरून गावाचा हिशेब काढतात. आभाळाचंही तसंच. हबल दुर्बिणीनं काढलेला एक फोटो २००४ साली प्रसिद्ध झाला. आभाळाच्या सुमारे १ कोटी ३० लाख तुकड्यांपैकी एका तुकड्याचा. डोळ्याला तिथं काळोख. फोटोत सुमारे १०,००० दीर्घिका. गुणाकार करा, १३,००० कोटी. पैसेवारी चुकली की आपण बोंब मारतो, तशी तिथंही मारतात. २०१६ साली काही शास्त्रज्ञ म्हणाले, न दिसणाऱ्या लहान दीर्घिका धरल्या तर आकडा २ लाख कोटींवर जातो. मग प्लूटोच्या पलीकडं पोचलेल्या न्यू होरायझन्स यानानं आभाळाचा अंधारच मोजला. २०२१ साली निकाल आला: इतक्या दीर्घिका असत्या तर आभाळ जास्त उजळ असतं. आकडा पुन्हा खाली आला, शेकडो अब्जांवर. पुरावा आला की आकडा बदलतो, आणि बदलताना कुणाच्या भावना दुखावत नाहीत.

आता लहान-मोठ्याचं. मृग नक्षत्रातला तांबूस तारा पाहिलाय ना? काक्षी. तो सूर्याच्या सुमारे ७०० पट रुंद. आपल्या मापात सूर्य ज्वारीचा दाणा, तर काक्षी तीन मीटरची खोली. पण असले तारे अगदी थोडे. आपल्या आसपासच्या ताऱ्यांत चारातले सुमारे तीन लाल बटुतारे आहेत, सूर्याहून बरेच लहान, मंद. त्यातला एकही नुसत्या डोळ्यानं दिसत नाही. अमावस्येच्या रात्री टिपेश्वरच्या जंगलाकडं गेलात तर दोन-तीन हजार तारे दिसतील. बहुतेक सगळे सूर्याहून तेजस्वी. दिसतात ते मूठभर बडे, बहुसंख्य अंधारात. दीर्घिकांचंही तेच, लहान बटुदीर्घिकाच जास्त. आणि बडे फार टिकत नाहीत. काक्षी जेमतेम कोटभर वर्षांचा आहे, आणि शेवटाला आलाय. लाल बटुतारा लाख कोटी वर्षं जळत राहील.

ताऱ्याला टेप लावता येत नाही. त्याचं तापमान आणि खरं तेज कळलं की आकार काढता येतो. काक्षी सूर्याहून थंड, तरी इतका तेजस्वी, म्हणजे अफाट मोठाच असला पाहिजे. प्रकाशातल्या रेषांवरून तापमान काढायची पक्की वाट दाखवली मेघनाद साहांच्या १९२० सालच्या समीकरणानं. ढाक्याजवळच्या खेड्यातल्या किरकोळ दुकानदाराचा हा मुलगा. कलकत्त्यात शिकताना जातीवरून काही विद्यार्थ्यांनी त्याच्यासोबत जेवायला नकार दिला. त्याच्याच समीकरणावरून सेसिलिया पेन या बाईनं १९२५ साली दाखवलं, की तारे मुख्यतः हायड्रोजनचे आहेत. तिच्याही म्हणण्यावर आधी मोठ्या शास्त्रज्ञांनी विश्वास ठेवला नाही.

शेवटची गोष्ट आपल्या महाराष्ट्रातली. २०१७ साली पुण्याच्या आयुका आणि आयसर इथल्या शास्त्रज्ञांनी दीर्घिकांचा एक प्रचंड समूह जाहीर केला. ४०० कोटी प्रकाशवर्षं दूर, ६० कोटी प्रकाशवर्षं लांब. आपल्या भाकरीच्या मापात दीड किलोमीटर लांब पंगत. नाव ठेवलं सरस्वती. नावावर आपण भांडू, पण पुरावा बघा. तो अमेरिकेतल्या स्लोन सर्वेक्षणाच्या माहितीतून निघाला. ती माहिती जगात कुणालाही उघडी आहे, फुकट. दारात जात विचारणारा कुणी नाही. लागतं ते गणित, थोडं इंग्रजी आणि एक कॉम्प्युटर.

म्हणून पोरापोरींनो, दहावीनंतर "गणित आपल्याला जमत नाही" असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. वसतिगृहात कॉम्प्युटर मागा, वाचनालयात विज्ञानाची पुस्तकं मागा, मिळत नसतील तर मोर्चा काढा. आभाळाचा सातबारा अजून कुणाच्या नावावर चढलेला नाही.

जय भीम.